वाऱ्याला हातभर सोडून

धारवाडच्या मळमड्डी भागातील समस्त सज्जन स्त्री-पुरुष, सेवानिवृत्त अधिकारी, आजी-माजी मास्तर आणि शिकवणीला निघालेले विद्यार्थी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या भागात दुपारी दोन ते चार या वेळेत पश्चिमेकडून वाहणारा वारा गेल्या महिन्यापासून बेकार झालेला आहे. त्याच्याशी खेळणारी बाई राहिली नाही. तरी तो कुणाला गच्चीवरचे कपडे उडवताना, स्कूटरवाल्यांच्या डोळ्यांत धूळ घालताना किंवा उगीच दारं आपटताना आढळल्यास त्याच्यावर रागावू नये. त्याला सध्या काही सुचत नाहीये.

हे वाचून माणिकअक्का म्हणाली असती, "विजू, तुझी नाटकं पुरे की गं!" आणि पाठीत एक धपाटा घातला असता. पण तो हातच आता... असो. मला रडका लेख लिहिता येत नाही. जन्मभर मी गप्पा हाणत आणि लोकांना हसवत आले, आणि आत्ताही तेच करायला बसले आहे. मधेच आवाज बदलला तर वाचणाऱ्यांनी घोटभर पाणी पिऊन घ्यावं. मीही पिते.

बातमी आली तेव्हा मी धारवाडात सुभाष रोडवर खेळाच्या सामानाच्या दुकानात उभी होते. केसांना मेंदी लावलेली, गुडघे धरून पायरी चढणारी बाई अशा दुकानात शिरली की दुकानदार विचारतो, "नातवासाठी काय दाखवू, मावशी?" मी म्हटलं, "नातवासाठी नाही, बहिणीसाठी. सत्तरी उलटलीय तिची. बॅडमिंटनचं फूल दाखवा, पिसांचं. नायलॉनचं तिला चालत नाही." दुकानदारानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी थट्टा करतेय. पण त्यानं फुलांचा लांबट डबा काढला. आमच्याकडे शटलला फूलच म्हणतात. तेवढ्यात फोन वाजला. अक्काचा मुलगा आनंद धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात नोकरीला आहे, कामाच्या वेळेत तो कधी फोन करत नाही. त्याचं नाव बघितलं आणि मला कळलंच. "मावशी, आई..." एवढंच तो म्हणाला. दुकानदाराला काय माहीत? त्यानं डबा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बदलून मिळणार नाही हं, मावशी." मी म्हटलं, "नको हो बदलून." आणि तो डबा छातीशी धरूनच मी मळमड्डीला गेले. लोक फुलं घेऊन आले होते, मीही फुलं घेऊन गेले. फक्त माझी कुणाला देता आली नाहीत.

माणिकअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून पुष्कळ मोठी. आमचं आजोळ हुबळीचं. तिथल्या मुलींच्या शाळेत उंच भिंतींच्या आड एक पटांगण होतं आणि त्या पटांगणात अक्का बॅडमिंटन शिकली. शिकली म्हणजे काय, तिला ते लागलं, एखाद्याला तपकीर लागते तसं. पुढे वय झालं, स्थळं यायला लागली. अक्का एकेकाला नाक मुरडत होती. मग धारवाडचे भूगोलाचे मास्तर बघायला आले, श्रीपादराव, म्हणजे आमचे भावोजी. अक्कानं चहाचा कप पुढे केला, त्यांनी हात पुढे केला आणि अक्काला दिसले त्यांच्या उजव्या तळहातावरचे घट्टे. रात्री तिनं माझ्या आईला सांगितलं, "मावशी, मास्तराच्या हाताला खडू लागतो, घट्टे पडत नाहीत. हा माणूस खेळतो." आणि होकार दिला! पगार विचारला नाही, सासू कशी आहे विचारलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मधे नेट, पलीकडे तो, अलीकडे ती. बाकी संसार काय, होईल तसा होईल.

लग्न होऊन मळमड्डीत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला घराजवळच्या क्लबाच्या फाटकावरची पाटी वाचायला मिळाली. त्या क्लबात पत्त्यांची एक खोली, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल आणि मागच्या अंगाला उघड्यावरचं सिमेंटचं कोर्ट, खांबांवर मोठाले दिवे. पाटीवर लिहिलं होतं, सकाळी सभासद, संध्याकाळी सभासद, आणि तळाशी बारीक अक्षरात, 'महिला: दुपारी दोन ते चार.' सभासद म्हणजे पुरुष, हे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. महिला म्हणजे त्या सभासदांच्या बायका, हेही सगळ्यांना ठाऊकच होतं. या वेळेमागे फार मोठा विचार होता, आणि तो सर्वस्वी बायकांच्या सोयीचा होता, असं सेक्रेटरी वामनराव छातीवर हात ठेवून सांगत. सकाळी बायकांना डबे करायचे असतात, संध्याकाळी भाकऱ्या भाजायच्या असतात. मग मोकळ्या कधी? दुपारी! त्या वेळी सिमेंटवर पापड भाजून निघेल इतकं ऊन असतं, हे वामनरावांना माहीत नसावं. ते त्या वेळी पंख्याखाली झोपलेले असत.

आणि वारा. धारवाडकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. दुपार झाली की आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि दिवे लागायच्या सुमाराला पडतो. बॅडमिंटनचं फूल म्हणजे मूठभर पिसं. वाऱ्यात ते खेळणाऱ्याचं ऐकत नाही, वाऱ्याचं ऐकतं. म्हणजे कोर्टच्या वाटणीत पुरुषांकडे निवांत संध्याकाळ गेली आणि बायकांच्या वाट्याला वारा आला. कुणी मुद्दाम केलं नसेल हो. बायका खरोखर खेळतील, हेच मुळी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

माझं कॉलेज धारवाडात, म्हणून मी अक्काकडे राहायला आले आणि हा सगळा तमाशा मला पहिल्या रांगेत बसून बघायला मिळाला. घरात रॅकेट एकच. दाराशेजारच्या खिळ्याला ती टांगलेली असे. दुपारी जेवणं आवरली, सासूबाई आडव्या झाल्या, की अक्का पदर खोचायची, भावोजींच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे कापूस कोंबून ते पायात चढवायची आणि रॅकेट काढायची. मला शेजारणीची रॅकेट मिळाली होती, तिचा मुलगा शिकायला मुंबईला गेला होता म्हणून. चारला परत. रॅकेट खिळ्याला, चहा चुलीवर. मग शाळेतून भावोजी यायचे, चहा घ्यायचे, पांढरे कपडे चढवायचे आणि तीच रॅकेट घेऊन निघायचे. कधी कधी दारात थांबून म्हणायचे, "माणिक, मूठ अजून गरम आहे गं." तेवढीच त्यांची मैदानावरची भेट. एका रॅकेटवर दोघांचा खेळ, आणि एकमेकांसमोर उभं राहायचं म्हटलं तर मधे ती पाटी.

आता अक्काचा खेळ सांगते, नीट ऐका. वारा कोर्टवर आडवा यायचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मी नवीन असताना नेम धरून रेघेच्या आत मारायची आणि फूल भरकटून भलतीकडे जायचं. अक्का हसून लोटपोट. म्हणायची, "वेडे, रेघेकडे काय बघतेस? रेघेला वारा कुठं कळतोय? बाहेर मार!" आणि ती स्वतः पश्चिमेच्या रेघेबाहेर चांगलं हातभर मारायची. फूल बाहेर निघालं, गेलं, गेलं, असं वाटेपर्यंत वारा त्याला हळूच उचलून आत आणायचा आणि रेघेला टेकवून ठेवायचा. तिनं कधी डोळ्यांनी वारा मोजला नाही. गालावरच्या केसांनी मोजायची. केस डोळ्यावर आले तर इतकं, कानामागे राहिले तर तितकं. चार वर्षं मी तिच्यासमोर उभी राहिले, पण ते हातभर सोडणं मला कधी जमलं नाही. भूगोलाच्या मास्तरांनी जन्मभर पोरांना मोसमी वारे शिकवले, नकाशावर बाण काढून. त्यांच्या बायकोनं ते वारे कामाला लावले होते, आणि मास्तरांनी ते कधी बघितलं नव्हतं. त्या वेळी ते शाळेत असायचे.

"तुम्ही एकदा सभेत विचारा की हो," अक्का त्यांना दर वर्षी म्हणायची. "एक दिवस. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त. बायकांना." भावोजींचं अक्कावर जीवापाड प्रेम, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांच्या घशात धरण बांधल्यासारखं व्हायचं. वर्गात पोरांपुढे गडगडणारा माणूस क्लबाच्या वार्षिक सभेत गोगलगाय. "या वर्षी नक्की विचारतो," म्हणून जायचे. आम्ही दोघी माडीच्या खिडकीत कान लावून उभ्या. क्लबातला लाऊडस्पीकर आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. भावोजी उभे राहायचे, खोकायचे, पुन्हा खोकायचे... आणि म्हणायचे, "ते फुलांचा दर्जा यंदा जरा कमी वाटला." आणि बसायचे. अक्का खिडकीला डोकं टेकून हसायची. घरी आल्यावर त्यांना चिडवायची, "झाला का फुलांचा दर्जा?" पुढे पुढे तिनं हसणं चालू ठेवलं, विचारायला सांगणं मात्र सोडलं.

मग आला तो ऐतिहासिक उन्हाळा. वामनरावांनी जाहीर केलं की महिलांच्या वेळेत कोर्ट मोकळं पडून असतं, दोन बायका सोडल्या तर कुणी फिरकत नाही, सबब ही वेळ काढून घेऊन सुट्टीतल्या मुलांच्या वर्गाला द्यावी. पाहणीला ते स्वतः येणार होते. अक्का चप्पल घालून घरोघर हिंडली. बायकांनी तिला उभं केलं नाही. समोरच्या गोदाकाकू म्हणाल्या, "माणिक, उन्हाळ्याचे दिवस. मी तुझ्याबरोबर उड्या मारत बसले तर माझ्या कुरडया कोण वाळवणार, वामनराव?" सगळ्यांचं एकच रडगाणं. सकाळी अंगणात वाळवण घालावं, तर दुपारी मळमड्डीतल्या झाडांची सावली अंगणभर पसरते, मग ताटं उचलून उन्हामागे पळापळ. अक्का म्हणाली, "काकू, ऊन पाहिजे ना? माझ्याकडे मळमड्डीतलं सगळ्यात मोठं ऊन आहे. आणि खाली सिमेंट. या!"

पाहणीच्या दिवशी वामनराव दोन सदस्यांना घेऊन आले तेव्हा कोर्टवर पाय ठेवायला जागा नव्हती. एका अर्ध्या भागात धुतलेल्या लुगड्यांवर कुरडया, सांडगे आणि पापड, रेघेला रेघ लावून. कावळे येऊ नयेत म्हणून बायकांनी खांबांवरचं नेट सोडून त्यावर पसरलं होतं. दुसऱ्या अर्ध्या भागात कपड्यांची दोरी आडवी बांधून मी आणि अक्का खेळत होतो. कडेच्या सावलीत गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, कुणी तांदूळ निवडतेय, कुणी स्वेटर विणतेय, आणि दर फुलाला सगळ्याजणी ओरडताहेत. क्लबात एवढी हजेरी स्वातंत्र्यदिनालाही नसे.

"हे... हे काय चाललंय?" वामनरावांना धाप लागली.

"उपयोग!" अक्का घाम पुसत म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, बायका कोर्टचा उपयोग करत नाहीत? बघा."

"अहो, पण नेट! नेट खेळायचं असतं!"

"मग खेळूच की. संध्याकाळी खेळू? तेव्हा वाळवण नसतं."

वामनराव तोंड उघडणार तेवढ्यात गोदाकाकूंनी त्यांच्या हातात वाटी ठेवली. सकाळचा उरलेला कुरडयांचा चीक, दूध-साखर घालून. "खा हो वामनराव. तुमच्या आईला फार आवडायचा." आता मला सांगा, आईचं नाव काढून दिलेला चीक खाल्ल्यावर कुठला सेक्रेटरी त्याच बायकांची वेळ काढून घेईल? वाटी रिकामी झाली, वेळ वाचली. त्या संध्याकाळच्या खेळाला हिंगाचा वास येत होता म्हणे. भावोजींनी घरी येऊन सांगितलं, "नेटजवळ गेलं की भूक लागत होती गं." आम्ही तिघंही हसून हसून बेजार. हसू ओसरल्यावर अक्का म्हणाली, "वेळ वाचली. पण दुपारच वाचली." आणि उठून भाकऱ्या करायला गेली.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी हुबळीला गेले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं अक्कानं केलं. आनंद झाला, वाढला, नोकरीला लागला. कुणी बाई खेळायला मिळाली तर मिळाली, नाहीतर अक्का भिंतीवर मारायची, पण दुपार चुकवली नाही. ती चुकली असती तर कुणीतरी ती वेळ उचलून नेली असती, म्हणायची. संध्याकाळी मी कधी गेले तर ती स्वयंपाकघरात असायची. क्लबातले दिवे खिडकीतून ओट्यावर पडायचे आणि फुलाचा टप् टप् आवाज यायचा. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती मधेच म्हणायची, "हं, हा यांचा." मग थोडं थांबून, "गेला नेटमध्ये." कधीही न बघता तिला नवऱ्याचा खेळ पाठ होता. त्यांना तिचा नव्हता.

आणि मग एक दिवस संध्याकाळ मिळाली! कशी मिळाली? कुणी लढून नाही, कुणी ठराव करून नाही. पुरुषांचे गुडघे गेले, काहीजण वर गेले, जे उरले त्यांना टीव्हीवरचं क्रिकेट पुरेसं वाटू लागलं, आणि तरुण पोरं जिममध्ये जाऊ लागली. कोर्ट संध्याकाळी ओस पडायला लागलं, तेव्हा नव्या कमिटीनं मोठ्या मनानं जाहीर केलं, महिलांनी कधीही यावं. अक्का तेव्हा साठीची. भावोजींनी तिला दुसरी रॅकेट आणून दिली, संसारातली पहिली दुसरी रॅकेट. अक्कानं मला हुबळीहून बोलावून घेतलं. "विजू, ये. मला बघायला कुणीतरी पाहिजे."

मी बाकावर बसले. दिवे लागले. झाडाचं पान हलत नव्हतं. मधे नेट, पलीकडे भावोजी, गुडघ्याला पट्टा बांधलेले, अलीकडे अक्का, पदर खोचलेला, आता तिच्या मापाचे बूट. हुबळीच्या चहाच्या कपावरून निघालेलं चित्र एकदाचं पूर्ण झालं होतं. भावोजींनी फूल उडवलं. अक्का पुढे झाली, रॅकेट फिरली, आणि काय सुंदर फटका होता तो... फूल गेलं आणि पश्चिमेच्या रेघेबाहेर हातभर पडलं. पडूनच राहिलं. त्याला आत आणायला कुणी नव्हतं.

दुसरं बाहेर. तिसरं बाहेर. अक्का गालावरचे केस चाचपडत होती, आणि केस काही सांगत नव्हते. भावोजी पलीकडून ओरडले, "आत आहे! आत!" अक्का नेटजवळ आली. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "खोटं बोलू नका. बाहेर आहे." मग रॅकेटकडे बघत, अगदी हळू, "मला वाऱ्याशिवाय येत नाही हो... मला वाऱ्याशिवाय येतच नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दुपारी जाऊ लागली. लोक म्हणाले, "बघा, संध्याकाळ मोकळी करून दिली तरी अक्कांना दुपारच आवडते." क्लबात हे इतक्यांदा बोललं गेलं की तेच खरं ठरलं. खरं काय होतं ते अक्काच्या परसात होतं, आणि ते फक्त आम्हालाच माहीत होतं. वारा पडला की अक्का परसात उतरायची आणि रांगोळीच्या चिमटीनं फरशीवर एक सरळ रेघ ओढायची. कपड्यांच्या दोरीपलीकडून भावोजी फूल टाकायचे आणि ही त्या रेघेच्या आत मारायचं शिकायची. जन्मभर बाहेर मारलेला हात आत वळवायचा. वर्षानुवर्षं चाललं ते. चिडायची, रडायची, रॅकेट टाकून आत जायची, पाच मिनिटांनी परत. "शिकून मगच कोर्टवर जाणार. त्या दिव्यांखाली मला पुन्हा हसं करून घ्यायचं नाही." मी म्हणायचे, "कोण हसतंय अक्का? तिथं आहे कोण?" तर म्हणायची, "दिवे आहेत की."

गेल्या हिवाळ्यात तिचं पोटाचं दुखणं उघडकीला आलं. हुबळीच्या दवाखान्यातून घरी पाठवलं, ते कशासाठी हे आम्हाला कळत होतं आणि आम्ही कळून घेत नव्हतो. शेवटचं भेटले तेव्हा ती खिडकीशी पडून होती. संध्याकाळ झाली होती. मला म्हणाली, "विजू, बाहेर पान हलतंय का बघ." मी बघितलं. "नाही अक्का, काही हलत नाहीये." ती हसली. "बघ, चांगली वेळ आहे. आता माझी बरीच आत पडतात, तुला माहितीय? यांना विचार. पाडव्याला कोर्टवर जायचं ठरलंय. तू फुलं आण. चांगली आण." भावोजी पायथ्याशी बसले होते. तिचे तळवे चोळत म्हणाले, "आत पडतात गं. खरंच आत पडतात." या वेळी ती त्यांना खोटं बोलू नका म्हणाली नाही.

पाडव्याआधीच ती गेली. पाडव्याला मी संध्याकाळी अक्काच्या घरी गेले. सून म्हणाली, "मामंजी मागे आहेत." परसात गेले तर भावोजी फरशीवर उकिडवे बसलेले, हातात रांगोळीचा डबा, आणि रेघ ओढताहेत. खडूनं फळ्यावर अख्खं जग काढणाऱ्या माणसाची रेघ वाकडी येत होती, सारखी तुटत होती. मला बघून म्हणाले, "सून झाडून घेते गं. तिचा दोष नाही. म्हणून मी रोज..." मी पिशवीतून तो डबा काढून त्यांच्या हातात दिला, सुभाष रोडचा, न उघडलेला. त्यांनी झाकण काढलं, एक फूल बाहेर घेतलं, पिसं हातानं सरळ केली आणि ते रेघेच्या आत ठेवलं. मारलं नाही, नुसतं ठेवलं. मग झाडांकडे बघून म्हणाले, "वारा पडलाय."

गेल्या रविवारी क्लबात शोकसभा होती. पत्त्यांची खोली भरून माणसं दारापर्यंत उभी होती. गोदाकाकूंची सून, नाती, भाजीवाली, भावोजींचे जुने विद्यार्थी. मराठीत भाषणं झाली, कन्नडमध्ये झाली, दोन्हींची सरमिसळ तर झालीच. कुरडयांची गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली आणि तिन्ही वेळा लोक हसले. मग क्लबाचे नवे अध्यक्ष उभे राहिले, चाळिशीतला सालस माणूस, मनापासून बोलत होता. म्हणाला, "अक्कांना दुपारची वेळ किती प्रिय होती हे आपण सगळे जाणतो. संध्याकाळ मोकळी असतानाही त्यांनी दुपार सोडली नाही. म्हणून आज हा ठराव मांडतो, की दुपारी दोन ते चार या वेळेला यापुढे माणिकअक्कांचं नाव द्यावं. फाटकावर नवी पाटी लावावी." मागून कुणीतरी "छलो आतु, छान झालं" म्हणालं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून सगळ्यांचे हात अर्ध्यावर राहिले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून भावोजी उभे राहिले. खोकले. पुन्हा खोकले. आनंद त्यांचा हात धरून खाली बसवायला गेला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हे फुलांच्या दर्जाबद्दल विचारणार... आणि मला माडीची ती खिडकी आठवली, खिडकीला डोकं टेकून हसणारी अक्का आठवली. आणि जन्मात कुठल्या सभेत फुलांच्या दर्जापलीकडे न गेलेले आमचे भावोजी, अख्ख्या मळमड्डीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अहो, दुपार कसली देताय तिला? संध्याकाळ द्या की हो, संध्याकाळ!"